पलंगाची ट्रायल

"रेडीमेड?" मास्तरांनी हा शब्द असा काही उच्चारला, की कपात चहा ओतणारा बायकोचा हात जागच्या जागी थांबला. "या घरात आजवर रेडीमेड रुमालसुद्धा आलेला नाही. आणि पलंग आणू?"

"अहो, पलंग कुणी अंगात घालत नाही."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. एका चिंचोळ्या दुकानात त्यांनी उभी हयात शर्ट-पँट शिवण्यात घालवली होती. समोरच्या बाजूला तयार कपड्यांचं चकचकीत दुकान उघडलं, तेव्हापासून रेडीमेड या शब्दाशी त्यांचं घरगुती म्हणावं असं वैर होतं. पुढे दुकान बंद झालं, मशीन घरी आलं. मशीनबरोबर वैरही आलं आणि घरात चांगलं स्थिरावलं. मास्तरीणबाईंना कधी बाहेरून काही तयार विकत आणायचं झालं, तर त्या ते पिशवीच्या तळाशी भाजीखाली लपवून आणत.

पलंगाची वेळ आली ती आक्कामुळे. आक्का ही मास्तरांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. न्हाणीघरात पाय घसरल्याचं निमित्त झालं आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, पण डॉक्टरांनी बजावलं, की यापुढे जमिनीवर बसणं-झोपणं बंद आणि एकटं राहणंही बंद. आक्काची मुलगी, म्हणजे मास्तरांची भाची, धावत आली होती. आईला आपल्या घरी घेऊन जायचं हे तिनं तिथंच ठरवून टाकलं. तिचं घर दूरच्या शहरात, उंच इमारतीत. घरातली सगळी माणसं सकाळी बाहेर पडत ती दिवे लागल्यावर परतत. आक्का तिथं दिवसभर कुणाशी बोलणार, या विचारानं आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांनी भाचीशी वाद घातला.

"आक्का माझ्याकडे राहील."

"मामा, तुझ्याकडे तुम्ही दोघंही खाली गादी घालून झोपता. आईला बरोबर उंचीचा, भक्कम पलंग लागणार आहे. आहे का तुझ्याकडे?"

"करतो."

"करतोस म्हणजे? घेऊन येतोस ना?"

"करतो म्हणजे करतो."

"ठीक आहे," भाची म्हणाली. "दवाखान्यातून सोडलं की आईला घेऊन आधी तुझ्याकडे येते. पलंग डोळ्यांनी बघते. जमला तर आई राहील. नाही जमला तर तशीच पुढे घेऊन जाईन."

आक्काला मात्र दोघांचंही पटलं नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "मला विचारा की कुणीतरी! मी कुणाच्या घरी नुसती बसून खायची नाही. त्यातल्या त्यात लेक बरी, तिच्यावर डाफरता तरी येतं. तुझ्या घरी काय करू रे मी? कोपऱ्यात टेकवलेल्या छत्रीसारखी राहू?"

मास्तर तिच्या खाटेवरची चादर सारखी करू लागले. वडील अकाली गेले तेव्हा मास्तर अडनिड्या वयाचे होते. त्यांना एका शिंप्याच्या हाताखाली बसवलं ते आक्कानं. पुढे स्वतःचं दुकान झालं तेव्हा मागच्या खिडकीशी बसून वर्षानुवर्षं काज-बटणं आणि तुरपाई केली तीही आक्कानं. मास्तर बेतत झकास, मशीनही झकास मारत. पण शेवटच्या कामाचा त्यांना मनस्वी कंटाळा. दोरे लोंबताहेत, कडा सुटताहेत, असा शर्ट ते पाठीमागे आक्काच्या दिशेनं फेकत आणि तो परत येई तेव्हा नवऱ्यामुलासारखा दिसे. 'मास्तरांच्या हातात काय सफाई आहे!' असं गिऱ्हाईक म्हणालं, की मागून आक्काचं खोकणं ऐकू येई. मास्तरांना त्या सगळ्याबद्दल आक्काचे आभार मानायचे होते. पण सख्ख्या बहिणीला 'आभारी आहे' कसं म्हणायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पलंग करून देणं त्या मानानं सोपं वाटलं.

यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानामागे पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या टाकून दिलेल्या असत. फिकट रंगाच्या, हलक्या, वासाला छान. मास्तरांनी विचारलं तर दुकानदार म्हणाला, "न्या हो, जागा मोकळी होईल." चार जाड खांब त्यातच मिळाले. शेजाऱ्यांकडून करवत आली, हातोडी घरात होती, स्क्रू आणि घासायचा कागद कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. झालं. पलंग म्हणजे तरी काय, चार पाय, चार फळ्या आणि वरून आडव्या पट्ट्या. शर्टाला तर कॉलरही असते.

आता कुठल्याही सुतारानं आधी खोली मोजली असती. मास्तरांनी भाचीला फोन लावला.

"आक्काचं माप घे."

"कसलं माप?"

"उंची सांग, डोक्यापासून टाचेपर्यंत. मग खांदा. मग दोन्ही कोपरं बाहेर काढून या कोपरापासून त्या कोपरापर्यंत. आणि खुर्चीवर बसवून गुडघ्यामागून टाचेपर्यंत."

पलीकडे बराच वेळ कुजबुज झाली. मग आक्काचा आवाज आला, "गाऊन शिवत असशील तर सैल ठेव. मागच्या वेळी बगलेत काचत होता."

मापं आली. मास्तरांनी ती सवयीप्रमाणे पाटीवर खडूनं लिहिली आणि चारी बाजूंना शिलाईपुरती माया सोडून फळ्यांवर खुणा केल्या. लाकडाला शिलाई नसते, हे मास्तरीणबाईंनी सांगून पाहिलं. मास्तर म्हणाले, "माया सोडलेली कधी वाया जात नाही. पुढेमागे सैल करायचा झाला तर?"

"पलंग सैल करणार?"

"माणसाच्या अंगाचं काय सांगता येतं."

बाईंनी आखलेली रुंदी बघितली. "अहो, वन्सं यावर झोपणार आहेत की हा अंगात घालणार आहेत? कुशीवर वळायचं झालं तर वळायला कुठं जागा आहे?"

मास्तरांनी डोळे मिटून आक्काला मनातल्या मनात कुशीवर वळवून पाहिलं. ती खाली पडली. त्यांनी निमूटपणे आणखी एक फळी वाढवली.

मग कापाकापी सुरू झाली. मास्तर दोन फळ्या एकावर एक ठेवून कापत, कारण बाह्या तशाच कापतात, आणि खरं सांगायचं तर त्या अगदी सारख्या निघत. बाईंनीही घासायचा कागद हाती घेतला. एरवी दिवसभर गप्प गप्प असणाऱ्या त्या घरात सारखी ठोकाठोक, भुसा आणि एकमेकांवर ओरडणं सुरू झालं. मास्तरांना ते मनापासून आवडलं. दुकान बंद झाल्यापासून आपले हात इतके कामात कधी नव्हते, असं त्यांनी बायकोला बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "दिसतंय की. जेवायलाही हाका माराव्या लागताहेत."

पलंग उभा राहिला. आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. शिंपी कपडा पहिल्यांदा पक्का शिवत नाही. आधी कच्चा टाका घालतो, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून ट्रायल घेतो, कुठं ओढतंय कुठं झोळ पडतोय ते बघतो आणि मगच पक्की शिलाई मारतो. मास्तरांनी पलंगाचंही तेच केलं. स्क्रू पिळले नाहीत. बारीक खिळे अर्धवट ठोकून सगळा सांगाडा नुसता अडकवून ठेवला.

"आता झोप जरा यावर," ते बायकोला म्हणाले.

"मी नाही हो. अंगाखाली मोडला तर पलंगाला दोन गिऱ्हाइकं होतील. आणि मी वन्संएवढी उंच तरी कुठं आहे?"

हे मात्र खरं होतं. आक्का अंगानं उंचीपुरी, बाई बुटक्या. मास्तर स्वतः झोपले असते, तर बाहेरून बघणार कोण? आपल्या अंगावर आपलीच ट्रायल कुठल्या शिंप्यानं घेतली आहे? दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का येणार होती. मास्तर कानावर पेन्सिल लावून पलंगाभोवती फेऱ्या मारू लागले आणि मारता मारता सवयीनं एका खिळ्यावर हातोडी घालू लागले.

तेवढ्यात दार वाजलं. दारात वरच्या मजल्यावरचे रात्रपाळीवाले उभे होते. हे गृहस्थ रात्रभर कारखान्यात काम करत आणि दिवसा झोपत. म्हणजे झोपायचा प्रयत्न करत. खालची ठोकाठोक सुरू झाल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आज मनाचा हिय्या करून ते भांडायला आले होते.

"मास्तर, तुमच्याविषयी आम्हाला आदर आहे," त्यांनी सुरुवात केली, "पण माणसानं झोपायचं कधी? डोकं नुसतं भणभणतंय. काल मशीनसमोर उभ्या उभ्या डुलकी लागली. साहेब म्हणाले..."

मास्तरांचं लक्ष साहेब काय म्हणाले याकडे नव्हतंच. ते डोळे बारीक करून रात्रपाळीवाल्यांना टाळूपासून टाचेपर्यंत न्याहाळत होते. पन्नास पावलांवरून माणसाचं माप सांगणारे ते डोळे.

"आक्काचीच उंची!" ते एकदम ओरडले. "खांदासुद्धा तोच! आत या, आत या."

"अहो, पण मी तक्रार..."

"करा ना. झोपून करा."

रात्रपाळीवाले इतके थकले होते, की विरोध करायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मास्तरांनी त्यांना हाताला धरून पलंगाशी नेलं, वर एक चादर घातली, हलक्या हातानं आडवं केलं. "हालू नका हां. कच्च्यावर आहे." मग बाजूला सरून ते पाहू लागले. डोक्याशी किती जागा उरते, पायाशी किती, कोपर कुठं येतं. "वा! जरा डाव्या कुशीवर व्हा बघू. हळू."

कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्या घरातली हातोडी थांबली होती. रात्रपाळीवाल्यांनी त्या शांततेत एक खोल श्वास घेतला आणि ते झोपले. झोपले म्हणजे काय, तोंड उघडं टाकून घोरायलाच लागले. प्रत्येक घोरण्याबरोबर सांगाडा हळूच कुईं करी.

"अहो, उठवा त्यांना," मास्तर कुजबुजले.

"मी नाही उठवायची. तुमच्यामुळेच जागे आहेत बिचारे इतके दिवस. झोपू द्या घटकाभर. वन्सं उद्या येणार आहेत."

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांनी झडप घालून तो उचलला आणि तोंडावर हात धरून म्हणाले, "बोल."

"मामा, आईला आजच सोडलं. टॅक्सीत बसलोय. पोचतोच आता. आणि तू असा विहिरीतून बोलल्यासारखा का बोलतोयस?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पलंग अर्धवट खिळ्यांवर, पलंगावर परका माणूस, आणि भाची डोळ्यांनी बघायला निघालेली. माणसाला उठवावं, तर दचकून उठेल आणि उठताना सांगाडा कोलमडेल. न उठवावं, तर आक्काला काय तोंड दाखवायचं?

"एकच उपाय आहे," ते म्हणाले. "हे झोपलेत तोवर पक्की शिलाई मारून घ्यायची. हातानं, आवाज न करता. तू टॉर्च धर."

आणि मास्तर या वयात पलंगाखाली सरपटत शिरले. बाई टॉर्च धरून वाकल्या. पहिला कोपरा अवघड होता. फळी आणि पाय यांच्यात बोटभर फट पडली होती. मास्तरांनी स्क्रू लावला, जीव खाऊन पिळला, फट मिटली. घाम पुसून ते दुसऱ्या कोपऱ्याकडे वळणार, तोच बाई म्हणाल्या, "अहो, हे काय?"

फटीत रात्रपाळीवाल्यांच्या शर्टाचा घेर लोंबत होता. फळी आणि पाय यांच्यामध्ये तो आता असा गच्च बसला होता, की आयुष्यात मास्तरांची एवढी पक्की शिलाई कधी झाली नसेल.

"स्क्रू काढा."

मास्तरांनी काढायचा प्रयत्न केला. जीव खाऊन पिळलेला स्क्रू, जागचा हलेना. नुसता माथा झिजला.

"मग कात्री आणू?"

"कात्री?" मास्तरांना धक्का बसला. "दुसऱ्याच्या अंगावरचा शर्ट कापू?" मग त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी पलंगाखालून मुंडी बाहेर काढली आणि झोपलेल्या माणसाची कॉलर अलगद उलटी करून पाहिली. आत लेबल होतं. मास्तरांचा चेहरा पडला. "रेडीमेड! वर्षानुवर्षं माझ्या डोक्यावर राहतात, आणि रेडीमेड! आण कात्री."

बाई कात्री आणायला वळल्या, आणि बेल वाजली.

आता ही बेल जुन्या पद्धतीची, घरभर ठणाणणारी. कारखान्याचा भोंगा झाला असं वाटून रात्रपाळीवाले "आलो साहेब!" म्हणत ताडकन उठले. पुढचं सगळं फार शिस्तीत झालं. शर्ट ताणला गेला, शर्टाबरोबर फळी निघाली, फळीबरोबर एक पायही निघाला. उरलेल्या तीन कोपऱ्यांचे कच्चे टाके एकामागोमाग एक उसवले. आडव्या पट्ट्या मास्तरांच्या पाठीवर पडल्या आणि शेवटी डोक्याकडची फळी विचार करून करून सावकाश आडवी झाली. लाकूड हलकं होतं म्हणून थोडक्यात निभावलं. नेमकं त्याच वेळी बाईंनी दार उघडलं. दारात वॉकर धरून आक्का आणि तिला सावरत भाची.

आक्काच्या समोरून एक अनोळखी माणूस डोळे चोळत गेला. "माफ करा हां, जरा डोळा लागला होता," असं नम्रपणे म्हणून तो जिना चढू लागला. त्याच्या मागे शर्टाला अडकलेली पलंगाची एक बाजू पायरी-पायरीवर ठक ठक करत वर गेली.

"मामा," भाची पट्ट्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "हे काय आहे?"

ढिगातून मास्तरांचा आवाज आला, "ट्रायल."

भाचीला हसू आलं नाही. तिनं आठवड्यामागून आठवडे दवाखान्यात काढले होते आणि आता ती दमली होती. "आई, चल," ती शांतपणे म्हणाली. "टॅक्सी अजून खालीच असेल. मामा, मला माहीत आहे तू मनापासून केलंस. पण मी हिला यावर कशी झोपवू? तूच सांग."

मास्तर उठून उभे राहिले. केसात भुसा, कपाळाला धूळ. त्यांनी आक्काकडे पाहिलं. आता ही जाणार, लांबच्या त्या बंद घरात खिडकीशी बसणार, आणि आपण जे इतकी वर्षं बोललो नाही ते बोलायचं राहूनच जाणार, एवढंच त्यांना कळलं आणि डोळे भरून आले. शिंप्याच्या गळ्यात नेहमी टेप असतो. त्यांनी त्या टेपनंच डोळे पुसले.

आक्का मात्र टॅक्सीकडे निघालीच नाही. वॉकर पुढे सरकवत ती ढिगापर्यंत आली आणि म्हणाली, "खुर्ची द्या गं मला." खुर्चीत बसल्यावर तिनं एक फळी मागितली. सांधा जवळ नेऊन पाहिला. अर्धवट ठोकलेला खिळा नखानं हलवला.

"कच्च्यावर गिऱ्हाईक झोपवलंस?"

"ट्रायल होती, आक्का."

"आणि ते गिऱ्हाईक पलंग घेऊन गेलं?"

"एकच बाजू."

आक्काच्या तोंडून खोकल्यासारखा एक आवाज आला. भाची घाबरून पुढे झाली. पण तो खोकला नव्हता. आक्का हसत होती. खुब्याला हात लावून, "अगं आई गं, दुखतंय," म्हणत म्हणत हसत होती. पडल्यापासून ती हसलीच नव्हती, ही गोष्ट भाचीच्या तेव्हाच ध्यानात आली.

"बेतलंय छान," आक्का डोळे पुसत म्हणाली. "कापलंही सरळ आहेस. पण कडा बघ, बोट फिरवलं तर कुसळ घुसेल. आणि ही भोकं? काजं अशी पाडतात का? तुझं पहिल्यापासून हेच. शेवटचं काम आलं की हात आखडतो. इकडे आण तो स्क्रू-ड्रायव्हर. वहिनी, घासायचा कागद कुठंय?"

"आई, आपल्याला निघायचं..." भाची म्हणाली.

"थांब गं जरा. हे असं उघडं-वाघडं टाकून कुठं जाऊ?"

मग ती दुपार फार मजेत गेली. रात्रपाळीवाले दुसरा शर्ट घालून खाली आले. पहिल्या शर्टासकट फळी परत केली. "इतकी गाढ झोप बऱ्याच दिवसांत लागली नव्हती," असं म्हणून तेही पट्ट्या धरायला बसले. भाची थोडा वेळ हाताची घडी घालून उभी राहिली आणि मग तिनंही ओढणी कमरेला खोचली. आक्का खुर्चीतून हुकूम सोडत होती आणि मांडीवर फळी घेऊन कडा घासत होती. मास्तर तिच्या पायाशी बसून स्क्रू पिळत होते.

"आक्का," त्यांनी मान वर न करता सुरुवात केली. "लोक माझ्या हातची सफाई म्हणायचे ना, ती तुझी होती. मला शिंपी केलंस ते तू. माझं घर उभं राहिलं ते त्या खिडकीशी तू बसलीस म्हणून. मी कधी बोललो नाही."

"मग आज काय झालं बोलायला?"

"तू कायम पाठीमागे बसायचीस. आज पहिल्यांदा समोर बसलीयस."

आक्काचा घासायचा हात थांबला. मग तो पुन्हा सुरू झाला, पण एकाच जागी बराच वेळ फिरत राहिला. "स्क्रू तिरका जातोय," ती म्हणाली. तिचा आवाजही जरा तिरकाच गेला होता.

उन्हं उतरायच्या आत पलंग उभा राहिला. मास्तर आणि रात्रपाळीवाले दोघं एकदम त्यावर बसले, उड्या मारल्या, पलंगानं हूं की चूं केलं नाही. गादी पडली. आक्का हळूच बसली. बसली आणि तिचे दोन्ही तळवे जमिनीवर पुरेपूर टेकले. ना गुडघे वर आले ना पाय लोंबले. दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी भाचीला नेमकं हेच सांगितलं होतं: पाय असे टेकले पाहिजेत, म्हणजे उठताना खुब्यावर जोर येत नाही. भाचीनं दुकानात पाहिलेले पलंग कुठं उंच, कुठं बुटके होते. ती खाली वाकून आईच्या टाचांकडे बघत राहिली.

"मामा, हे कसं जमवलंस?"

"मापाचा आहे," मास्तर म्हणाले.

"बरं, झाला तर पलंग," भाची हसली. "आई, मग? काय करायचं?"

सगळे आक्काकडे बघू लागले. आक्का तोंड वाकडं करून म्हणाली, "कुठं झाला? उशाची फळी आहे का? चष्मा-औषधं मी काय हवेत ठेवू? मागची बाजू घासायची राहिलीय. पॉलिश नाही. अर्धं काम टाकून निघून येणाऱ्यातली मी नाही. तू जा पुढे. हे संपलं की येते मी तुझ्याकडे, कायमची."

भाची दोन दिवस राहून गेली. काम चालू राहिलं. उशाची फळी झाली, ती आक्काला वाकडी वाटली म्हणून उसवून पुन्हा लागली. खाली चपला ठेवायला एक कप्पा झाला. पॉलिशचा एक हात झाला, तो फिका वाटला, दुसरा झाला. आक्का वॉकर सोडून काठीवर आली. बाईंना दुपारी बोलायला माणूस मिळालं, आणि मास्तरांच्या चुका मोजायला दोघीजणी झाल्या. पण कितीही लांबवलं तरी एका पलंगात काम ते किती असणार? एके दिवशी मास्तरांनी उशाच्या फळीचे शेवटचे स्क्रू पिळले आणि आता पिळायला काहीच उरलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

"संपलं की हो," बाई हळूच म्हणाल्या. संध्याकाळी भाचीचा फोन येणार होता. ती दर वेळी विचारायची, आणि आक्का शब्दाची पक्की होती.

मास्तरांना जेवण गेलं नाही. आक्का बाईंबरोबर बाहेर व्हरांड्यात बसली होती तेवढ्यात ते मांजराच्या पावलांनी आतल्या खोलीत शिरले. त्यांचा बेत साधा होता. उशाच्या फळीचे स्क्रू थोडे सैल करायचे, म्हणजे फळी हलेल आणि आणखी आठवडाभर तरी निघेल. आयुष्यभर पक्की शिलाई मारलेला माणूस चोरासारखा उसवायला निघाला होता. त्यांनी पहिल्या स्क्रूला हात लावला.

स्क्रू बोटांनीच फिरला. दुसराही सैल. तिसरा तर जागेवर नव्हताच. मास्तर चक्रावले. स्वतः पिळून अजून अर्धा दिवससुद्धा झाला नव्हता. त्यांनी चाचपडत उशी उचलली. खाली तो तिसरा स्क्रू होता आणि त्याच्या शेजारी घरातला लहान स्क्रू-ड्रायव्हर, पदराखालून नेता येईल एवढा.

बाहेर फोन वाजला. मास्तरांनी उशी जशीच्या तशी ठेवली, घाईघाईनं जाऊन फोन उचलला. आक्का काठीवर हात ठेवून समोर बसली होती आणि भलतीकडेच बघत होती.

"मामा, झालं का काम?" भाचीनं विचारलं.

"नाही गं," मास्तर म्हणाले. "उशाची फळी पुन्हा हलायला लागलीय. थोडं काम राहिलंय."

"थोडं कसलं?" आक्का तिकडे बघतच म्हणाली. "बरंच राहिलंय म्हणावं."